१६ औषधे, एक रुग्ण : अतिदक्षता विभागातील औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

अतिदक्षता विभागातील औषधांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. अतिदक्षता विभागात काम करताना जे पाहिले आणि शिकलो, त्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत. एक विनंती मात्र सुरुवातीलाच करतो. येथे एखाद्या औषधाचे नाव वाचून घरात चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये. औषध अचानक थांबवल्यानेही तितकीच गंभीर इजा होऊ शकते.

प्रश्न : माझे वडील न्यूमोनियामुळे ११ दिवस अतिदक्षता विभागात होते. पलंगाजवळच्या चार्टवरची औषधे मी एकदा मोजली, ती १६ निघाली. इतकी औषधे एकाच वेळी शरीरात गेल्यावर ती एकमेकांच्या आड येत नाहीत का? आणि येत असतील, तर डॉक्टर ती एकत्र का देतात?

उत्तर : आड येतात, आणि किती ठिकाणी येऊ शकतात याचा हिशेब सोपा आहे. पाच औषधांच्या १० जोड्या होतात, १६ औषधांच्या १२०. त्यांतल्या बहुतेक जोड्या निरुपद्रवी असतात. काहींचा परिणाम आम्हांला हवाच असतो, जसे वेदनाशामक सोबत दिले की गुंगीच्या औषधाची मात्रा कमी लागते. आणि मोजक्या जोड्या अशा असतात की त्यांच्यावर नजर नसेल तर रुग्णाला इजा होते.

ही इजा होण्याचे मार्ग दोन-तीनच आहेत. पुष्कळशी औषधे यकृतातील ठरावीक विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) मोडली जातात. एखादे औषध त्या विकरांना अडवते, तेव्हा दुसरे औषध शरीरात साचत जाते. बुरशीच्या संसर्गावरचे फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असताना मिडाझोलामची गुंगी लांबते आणि रुग्ण अपेक्षित वेळी जागा होत नाही, ते यामुळे. याउलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हेच विकर वाढवते, त्यामुळे रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस नेहमीच्या मात्रेत अपुरे पडू लागते. हा परिणाम पूर्ण दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर ओसरायलाही साधारण तितकेच लागतात. दुसरा मार्ग बेरजेचा आहे. रक्तातील पोटॅशियम थोडे वाढवणारी तीन औषधे एकत्र आली, उदाहरणार्थ रक्तदाबाचे रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि संसर्गावरचे को-ट्रायमोक्सॅझोल, तर तिघांचे मिळून पोटॅशियम हृदयाला धोकादायक पातळीवर जाऊ शकते. तिसरा मार्ग मूत्रपिंडांचा. एका औषधाने ती दुखावली की त्यांच्यावाटे बाहेर पडणारी बाकीची औषधे शरीरात तुंबतात.

घरी चालणाऱ्या रुग्णापेक्षा अतिदक्षता विभागातील रुग्ण येथेच वेगळा पडतो. त्याच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेले असते, शरीरात पाणी साठलेले असते आणि मूत्रपिंडांचे काम सकाळी एक तर संध्याकाळी दुसरेच असते. फिटवरच्या फेनिटॉइनचे उदाहरण घ्या. हे औषध रक्तात मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून राहते आणि जे मोकळे राहते तेवढेच काम करते. अल्ब्युमिन कमी झाले की मोकळा अंश वाढतो. एकूण पातळीचा अहवाल व्यवस्थित दिसत असताना रुग्णाच्या मेंदूला मात्र ते औषध जास्त झालेले असते.

तरीही ही औषधे एकत्र का देतात, तर आजार तेवढा वेळ देत नाही म्हणून. हृदयाची लय बिघडली असेल तर हृदयासाठीचे डिगॉक्सिन घेत असलेल्या रुग्णालाही लय सावरणारे अमिओडॅरोन द्यावे लागते. त्याने डिगॉक्सिनची पातळी वाढते हे ठाऊक असते, म्हणून डिगॉक्सिन साधारण निम्मे करतात आणि पातळी तपासतात. तेव्हा जोडी टाळता येत नाही म्हणून ती जाणीवपूर्वक सांभाळणे हे आमचे रोजचे काम आहे. घात होतो तो जोडी कोणाच्या लक्षातच न आल्याने, आणि ती लक्षात न येण्याचे मुख्य कारण असे की औषधाचा दुष्परिणाम हुबेहूब आजारासारखा दिसतो. ताप, गोंधळ, झटके, घसरलेला रक्तदाब, कमी झालेली लघवी ही सारी लक्षणे मूळ आजारातही येतात. त्यामुळे नवे लक्षण दिसले की नवे औषध जोडले जाते, आणि जोड्यांची संख्या आणखी वाढते. माझ्या वरिष्ठांनी मला एक सवय लावली होती. रुग्णात काहीही नवे घडले की पुढचे औषध लिहिण्याआधी गेल्या तीन दिवसांत काय सुरू झाले, काय थांबले आणि कशाची मात्रा बदलली, हे चार्टवर बोट ठेवून वाचायचे. या सवयीने किती वेळा वाचवले, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

प्रश्न : माझ्या भावाला लहानपणापासून फिट येतात. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्यांवर सहा वर्षे एकही फिट आली नव्हती. रक्तात संसर्ग झाल्याने त्याला अतिदक्षता विभागात ठेवले आणि मेरोपेनेमची इंजेक्शने सुरू केली. गोळीचे औषध नळीतून नियमित दिले जात होते, तरी तिसऱ्या दिवशी त्याला लागोपाठ फिट आल्या. संसर्ग मेंदूपर्यंत गेला असेल, असे आम्हांला सांगण्यात आले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी औषधांचा परिणाम असण्याची शक्यता सांगितली. नेमके काय झाले असेल?

उत्तर : आपल्या भावाचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे निर्णय देणे योग्य नाही. पण आपण लिहिलेला क्रम या जोडीत जे घडते त्याच्याशी तंतोतंत जुळतो, म्हणून ती यंत्रणा सविस्तर सांगतो.

यकृत व्हॅल्प्रोएटला एका साखरेसारख्या रेणूशी जोडून निकामी करते, पण शरीरातील एक विकर त्यातला काही भाग सोडवून पुन्हा कामाच्या रूपात आणत असते. मेरोपेनेम आणि त्याच्या कुळातील इमिपेनेम, एर्टापेनेम ही औषधे या सोडवणाऱ्या विकराला अडवतात. परिणामी रक्तातील व्हॅल्प्रोएट २४ तासांतच उतरू लागते आणि दोन दिवसांत बहुधा निम्म्याहून कितीतरी खाली जाते. गोळीचे औषध वेळेवर आणि पूर्ण मात्रेत जात असते, सिस्टरांनी चार्टवर सह्याही केलेल्या असतात, तरी मेंदूपर्यंत ते पोहोचत नाही.

येथे दोन चुका सहज होतात. पहिली, झटक्यांचे कारण संसर्गातच शोधत राहणे. दुसरी, पातळी कमी आली म्हणून व्हॅल्प्रोएटची मात्रा वाढवणे. मात्रा वाढवून पातळी सहसा सावरत नाही, कारण सोडवणारे विकरच बंद पडलेले असते. मेरोपेनेम थांबवल्यानंतरही पातळी पूर्ववत होण्यास एक-दोन आठवडे लागू शकतात. म्हणून मार्ग दोनच उरतात. संसर्गाला दुसरे प्रतिजैविक चालत असेल तर ते वापरायचे, आणि मेरोपेनेमला पर्याय नसेल तर पहिल्या मात्रेबरोबरच लेव्हेटिरॅसिटामसारखे फिटवरचे दुसरे औषध सुरू करायचे.

मी स्वतः ही जोडी पहिल्यांदा पाहिली ती एका रात्रीच्या ड्युटीवर, प्रशिक्षण घेत असताना. रुग्ण तरुण होता, त्याचा सीटी स्कॅन निर्दोष आला होता, मी व्हॅल्प्रोएटची मात्रा वाढवली आणि पहाटे पुन्हा झटके आले. सकाळच्या राउंडला औषधतज्ज्ञ बाईंनी चार्ट हातात घेतला, दोन ओळींवर पेन्सिलने खूण केली आणि विचारले, “हे मेरोपेनेम कोणत्या दिवशी सुरू झाले?” तारीख पाहताच उत्तर समोर होते. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण ती रात्र त्याला माझ्या अज्ञानामुळे काढावी लागली, हे मी विसरलेलो नाही.

भावाच्या कागदपत्रांवर ही नोंद ठळकपणे करून घ्यावी. पुढे कधीही कोणत्याही कारणाने तो रुग्णालयात दाखल झाला, तर पहिल्या दिवशी ती दाखवावी.

प्रश्न : माझी बहीण नैराश्यासाठी गोळ्या घेते. सासरी ते कोणालाच माहीत नाही. ती अतिदक्षता विभागात असताना डॉक्टरांनी आधीच्या औषधांविषयी विचारले, तेव्हा सगळे नातेवाईक उभे होते, म्हणून मी गप्प राहिले. तिचा मूळ आजार वेगळाच होता. मी चूक केली का?

उत्तर : ताई, आपली अडचण मला समजते. इतक्या लोकांसमोर असा प्रश्न विचारायला नको होता, ती चूक विचारणाऱ्याची आहे. पण ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक असते आणि त्याचे कारण स्पष्ट सांगतो.

नैराश्यावरची सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवतात. अतिदक्षता विभागात वापरले जाणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविक सिरोटोनिन मोडणाऱ्या विकराला सौम्यपणे अडवते. ट्रॅमाडॉल, पेथिडिन आणि काही प्रमाणात फेंटानिल ही वेदनाशामकेही त्यात भर घालतात. हे सारे एकत्र आले तर रुग्ण अस्वस्थ होतो, बडबडतो, घामाने भिजतो, ताप चढतो, नाडी धावू लागते. वरवर पाहणाऱ्याला हे जंतुसंसर्ग बळावल्यासारखेच वाटते. वेगळेपण पायांत सापडते. पाऊल झटकन वर दाबून धरले की घोटा आपोआप लयीत उडत राहतो. ज्याला गोळीची माहिती आहे तोच तो घोटा तपासतो. फ्लुओक्सेटिन तर थांबवल्यानंतरही त्याचा अंश काही आठवडे शरीरात राहतो, म्हणून “हल्ली बंद केली आहे” एवढ्यावर न थांबता ती कधी बंद केली तेही सांगावे.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली १८ वर्षांची एक तरुणी ताप आणि थरथर यांमुळे रुग्णालयात दाखल झाली. ती नैराश्यावरचे फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिन दिले गेले आणि काही तासांतच तिचा मृत्यू झाला. या दोन औषधांची परस्परक्रिया तिच्या मृत्यूला कारणीभूत झाली, असे मानले जाते. त्या रात्री तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर शिकाऊ होते आणि त्यांच्यावर इतर अनेक रुग्णांचा भार होता. तिच्या कुटुंबाने चालवलेल्या लढ्यानंतर न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली.

आपल्याला सगळ्यांसमोर बोलता येत नसेल, तर सिस्टरांना बाजूला घेऊन सांगा किंवा चिठ्ठीवर गोळीचे नाव आणि मात्रा लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. ती माहिती सासरच्यांना न कळवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. हाच नियम झोपेच्या गोळ्या, दारू आणि वजन कमी करण्याच्या गोळ्यांना लागू आहे. काढे आणि चूर्णेही लपवू नयेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेतल्यास पोटॅशियम उतरते, आणि उतरलेल्या पोटॅशियमवर डिगॉक्सिन विषारी ठरू शकते.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात नवीनच रुजू झालेली परिचारिका आहे. एका रुग्णाला चार-चार सिरिंज पंप (औषध ठरावीक वेगाने शिरेत सोडणारी यंत्रे) चालू असतात. आपल्या हातून चूक होईल, या भीतीने झोप लागत नाही. नेमके कशावर लक्ष ठेवू?

उत्तर : आपली भीती निराधार नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात निरीक्षकांनी अतिदक्षता विभागात बसून नोंदी केल्या. एका रुग्णामागे दिवसाला सरासरी १७८ कृती होत होत्या आणि सर्व प्रकारच्या मिळून १.७ चुका. म्हणजे सुमारे ९९ टक्के कामे बिनचूक होऊनही रोज एखादी-दुसरी चूक उरत होती. त्यामुळे “मी आणखी काळजी घेईन” एवढ्याने भागत नाही, चूक अडवणारी पद्धत हाताशी असावी लागते.

सर्वांत आधी नळ्या. कोणत्या पंपातून निघालेली नळी कोणत्या शिरेत जाते, हे ड्युटी हाती घेताना पंपापासून रुग्णापर्यंत हात फिरवत जाऊन पाहावे आणि दोन्ही टोकांना लेबल लावावे. रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रिनॅलिन चालू असलेल्या मार्गातून प्रतिजैविक कधीही ढकलू नये. नळीत असलेले नॉरअॅड्रिनॅलिन एकदम आत जाते आणि रक्तदाब क्षणात उसळतो. त्यानंतर औषधांची एकमेकांशी नळीतच होणारी गाठ. सोडियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की चुन्यासारखा पांढरा साका धरतो. बायकार्बोनेटमध्ये अॅड्रिनॅलिन निष्प्रभ होते. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळू नये. सेफ्ट्रिअॅक्सोन रिंगर लॅक्टेटसारख्या कॅल्शियम असलेल्या द्रावणासोबत एका नळीतून देऊ नये, आणि नवजात बाळांमध्ये तर ही जोडी पूर्णपणे वर्ज्य आहे. नळीत ढगाळपणा दिसला की पंप थांबवा, मग विचारा.

इन्सुलिन, हेपरिन, मॉर्फिन-फेंटानिल आणि पोटॅशियम या चौघांची मात्रा दोघींनी स्वतंत्रपणे काढावी आणि मग उत्तरे जुळवावीत. एकीने काढलेले उत्तर दुसरीने “हो, बरोबर” म्हणणे म्हणजे तपासणी नव्हे. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण विरळ न करता शिरेत गेले तर हृदय बंद पडते, म्हणून त्याच्या कुप्या इतर कुप्यांच्या शेजारी ठेवूच नयेत. मात्रा लिहिताना “.५” न लिहिता “०.५” लिहा, “५.०” न लिहिता “५” लिहा, आणि “युनिट” हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीतील त्याचे एकच अक्षर शून्यासारखे वाचले गेल्याने १० चे १०० होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

पोटात जाणाऱ्या नळीतून गोळ्या देताना सावकाश विरघळणारी गोळी कुटू नका, दिवसभराची मात्रा एका घटकेत सुटते. फेनिटॉइन देताना नळीचा आहार आधी आणि नंतर एक-दोन तास थांबवावा लागतो, नाहीतर औषध पुरेसे शोषले जात नाही. आणि औषध भरत असताना कोणी हाक मारली, तर “हे संपवून येते” असे नि:संकोच सांगा. चूक झालीच, तर ती लगेच सांगा. पहिल्या पाच मिनिटांत कळलेली चूक बहुधा सावरता येते. ती सांगणाऱ्या सिस्टरवर ओरडणारा डॉक्टर पुढच्या चुका लपवून ठेवायला शिकवत असतो, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही उद्देशून लिहीत आहे.

प्रश्न : आता सर्व काही संगणकावर असते. मग संगणकच अशा जोड्या का रोखत नाही?

उत्तर : संगणक सूचना देतो, पण फार देतो. किरकोळ आणि जीवघेण्या जोडीला सारखाच इशारा येत राहिला की डॉक्टर न वाचता तो बाजूला सारू लागतात. उपयोग सिद्ध झाला आहे तो राउंडला हजर राहणाऱ्या माणसाचा. अमेरिकेतील एका अतिदक्षता विभागात औषधतज्ज्ञ राउंडमध्ये सहभागी होऊ लागल्यावर, औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे घडणाऱ्या टाळण्याजोग्या इजा दर १००० रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आल्या. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तरीही अनेक अतिदक्षता विभागांत औषधतज्ज्ञांसाठी आजही जागा नाही. मला हे अक्षम्य वाटते.

प्रश्न : आईला कंपवात आहे. ती अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणि तेथून घरी आली. आता ती आधीपेक्षा जास्त ताठर झाली आहे. डिस्चार्ज कार्डावर नऊ गोळ्या आहेत, त्यांतल्या चार नवीन आहेत. काय करावे?

उत्तर : कार्ड आणि आईच्या जुन्या गोळ्यांची पाकिटे घेऊन याच आठवड्यात तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. त्या चार नव्या गोळ्यांमध्ये उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड किंवा भ्रमावरचे हॅलोपेरिडॉल आहे का, ते आजच पाहा आणि असेल तर तज्ज्ञांना लगेच फोन करा. ही दोन्ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाची वाट अडवतात आणि कंपवातावरचे मुख्य औषध असलेल्या लेव्होडोपाच्या नेमकी उलट काम करतात. लेव्होडोपाच्या जुन्या वेळा आणि मात्रा कार्डावर जशाच्या तशा उतरल्या आहेत का, हेही ताडून पाहा. सकाळी सहाची गोळी वॉर्डाच्या सोयीने नऊला सरकते आणि घरीही नऊलाच राहते, असे पुष्कळदा होते. प्रथिनांचे प्रमाण जास्त असलेला आहार गोळीसोबतच दिला जात असेल तर लेव्होडोपा कमी शोषले जाते. म्हणून दोहोंत अंतर किती ठेवायचे, ते विचारून घ्या.

उरलेल्या गोळ्यांबाबत प्रत्येकीसाठी एकच प्रश्न विचारा : ही कशासाठी सुरू झाली आणि ते कारण अजून आहे का? ताणामुळे पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली आम्लनाशक गोळी आणि रात्रीच्या भ्रमासाठी दिलेली शांत करणारी गोळी, या दोन अतिदक्षता विभागात सुरू होतात आणि कोणी थांबवायला सांगत नाही म्हणून महिनोन्महिने चालू राहतात. मात्र लेव्होडोपा स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. ते एकाएकी थांबल्यास तीव्र ताप आणि स्नायूंचा कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. आईला ताप आला, गिळता येईनासे झाले किंवा ती हाकेला प्रतिसाद देईनाशी झाली, तर तज्ज्ञांच्या भेटीची वाट न पाहता तिला तातडीच्या विभागात न्या आणि गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा.